सड्यावर पवनचक्की येण्याआधी विचारा : पातं किती वाऱ्याचं?

रत्नागिरी : पवनचक्की म्हटलं की गावात चर्चा दोनच गोष्टींची. जमिनीला भाव काय आणि वीज किती होणार. पातं वादळात टिकेल का, हे कुणी विचारत नाही. 'निसर्ग' आणि 'तौक्ते' सोसलेल्या किनाऱ्यावर हा प्रश्न पहिला हवा.

कोकणाला पवनचक्की नवी नाही. १९८६ मध्ये देशातले पहिले पवन प्रकल्प उभे राहिले, त्यात ओखा आणि तुतिकोरिनसोबत रत्नागिरीचा किनाराही होता. ती यंत्रं ५५ किलोवॅटची, पाती लहान. आता एकेक पातं ६०-७० मीटर लांब आणि कित्येक टन वजनाचं असतं.

पात्यावर मुख्य ताण दोन. पहिला वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. दुसरा स्वतःच्या वजनाचा. आंबे काढायचा झेला आडवा धरला की काठी वाकते, तसंच पातंही वाकतं. वर जाताना एका कडेला ताण, खाली येताना दुसऱ्या. मिनिटाला १५ फेरे धरले तर २० वर्षांत हे १५ कोटींहून जास्त वेळा होतं. तार मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, पात्यालाही धोका तोच.

वादळात चक्की थांबवून पाती कडेवर वळवतात, म्हणजे वाऱ्याला अंग कमी मिळतं. वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीचं तोंडही फिरवावं लागतं. या सगळ्याला वीज लागते, आणि कोकणात वादळ आलं की आधी विजेचे खांब आडवे होतात. निसर्गनंतर दापोली-मंडणगडातली गावं कित्येक दिवस अंधारात होती.

आंतरराष्ट्रीय मानकात यंत्रांचे वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचं यंत्र ताशी १८० किलोमीटरचा सरासरी वारा सोसेल असं बांधतात, तिसऱ्या वर्गाचं १३५ चा. ३ जून २०२० ला निसर्ग किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० होता. हा वेग जमिनीलगतचा. सड्यावर, शंभर मीटर उंचीला वारा त्याहून जोराचा. म्हणजे तिसऱ्या वर्गात हाताशी फारसं काही उरत नाही.

म्हणून ना हरकत दाखल्याआधी ग्रामसभेत तीन प्रश्न व्हावेत. यंत्र कुठल्या वर्गाचं? लाईन गेल्यावर पाती आणि तोंड कशावर फिरणार, किती तास? घरं आणि बागा किती अंतरावर? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्यावीत.