पुसलेला आकडा

पानिपतच्या मोहिमेवरचा बहुखेळाडू युद्धखेळ चालविताना पंचाने फक्त ‘आजची स्थिती’ ठेवावी, जुने आकडे पुसून नवे भरावेत, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मला तो साफ अमान्य आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. भाऊसाहेब तेव्हा कुंजपुरा जिंकून उत्तरेकडे होते. नदी ओलांडल्याचा दिवस आणि ती वार्ता मराठ्यांच्या छावणीत पोहोचल्याचा दिवस या दोन निराळ्या नोंदी होत. त्या एक केल्या की भाऊसाहेबांची भूमिका करणारा खेळाडू सर्वज्ञ होतो, आणि मग खेळायचे तरी काय?

‘हे कारकुनी काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी रायस्विट्झचा १८२४ चा प्रशियन युद्धखेळ पाहावा. तेथे हुकूम पंचाकडे लेखीच द्यावे लागत. कचेरीत टिपणीवर पांढरा रंग फासणाऱ्याला आपण जाब विचारतो. येथे मात्र तीच सुधारणा ठरते!

मीही एकदा धान्याचा आकडा पुसला होता. वाद उपस्थित झाला तेव्हा माझ्यापाशी स्मरणाखेरीज पुरावा नव्हता. एक जुना सोबती खेळ सोडून गेला, आणि त्याचेच म्हणणे खरे होते की काय, हे मला आजही सांगता येत नाही.