खोकी हलवायला पदवी कशाला?



आपल्या मराठी वर्गातली मोठी मुले यंदा बारावीत आहेत. शनिवारी आत मुलांचा वर्ग चालू असताना बाहेर पालकांचा जो समांतर वर्ग भरतो, त्यात सध्या एकच विषय आहे: कोण कुठे अर्ज करणार आणि कशासाठी. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. कॉम्प्युटर सायन्स, नाहीतर इंजिनिअरिंग, नाहीतर डॉक्टरकी. आमच्या मुलीने मात्र बिझनेस स्कूलमध्ये जाऊन सप्लाय चेन मॅनेजमेंट, म्हणजे पुरवठा साखळीचे व्यवस्थापन, शिकायचे ठरवले आहे. हे सांगितल्यावर समोरच्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते आता आम्हांला पाठ झाले आहेत. मंडळी "अरे वा" म्हणतात, पण तो "वा" काही लांबत नाही. मग एखादे काका प्रेमाने विचारतातच, "म्हणजे गोदामात खोकी हलवायची ना? त्याला चार वर्षांची फी कशाला?"

आम्ही दोघेही इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. हा विषय आपल्या मुलांनी घ्यावा इतका मोलाचा आहे; मात्र त्यातला अवघड भाग टाळून घेतला तर काकांचा प्रश्न खरा ठरेल.

आधी हा विषय आहे तरी काय, ते पाहू. "सप्लाय चेन मॅनेजमेंट" हा शब्द १९८२ साली किथ ऑलिव्हर या सल्लागाराने प्रथम जाहीरपणे वापरला, असे मानले जाते. त्याआधी कारखान्यात खरेदी खाते वेगळे, उत्पादन वेगळे, गोदाम वेगळे, वाहतूक वेगळी, आणि प्रत्येक खाते फक्त आपापला खर्च वाचवायला बघे. खरेदीवाला स्वस्त मिळाला म्हणून वर्षाचा माल एकदम उचलणार, आणि गोदामवाला जागा नाही म्हणून डोक्याला हात लावणार. शेतापासून किंवा खाणीपासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंतची सगळी वाट एकच मानायची, आणि त्या संपूर्ण वाटेचा खर्च, वेळ आणि धोका पाहायचा, हा या विषयाचा गाभा.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर हा विषय परका वाटायचे कारणच नाही. टर्नपाइकवरून विमानतळाजवळून जाताना बंदराच्या उंच क्रेनी दिसतात ना? त्याच न्यूअर्क बंदरातून २६ एप्रिल १९५६ रोजी "आयडियल एक्स" हे जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची ती कल्पना. ट्रकमधला माल एकेक करून उतरवून जहाजात भरण्यापेक्षा सगळी पेटीच उचलून ठेवावी, इतकी साधी. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. या जहाजाचा हिशेब निघाला १६ सेंटांच्या आत. त्यात मोठे यंत्रशास्त्र नव्हते. सगळी वाट एकत्र पाहण्याची दृष्टी होती. आज टर्नपाइकच्या ८ए एक्झिटजवळ मैलोन्‌मैल पसरलेली गोदामे आपण पाहतो, ती त्याच दृष्टीची नातवंडे म्हणायची.

"पण यात गणित कुठे आहे?" असे इंजिनिअर पालक विचारतील. आहे. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेले एक सूत्र आजही या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवतात. समजा, एखाद्या देशी दुकानात वर्षाला तांदळाची १२०० पोती खपतात. एकदा माल मागवायचा तर, कितीही मागवा, ७५ डॉलर खर्च येतो. एक पोते वर्षभर ठेवायचा खर्च २ डॉलर. एका वेळी किती पोती मागवावीत? मागणीला ऑर्डरच्या खर्चाने गुणा, त्याची दुप्पट करा, साठवणीच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते ३००, म्हणजे वर्षातून चार वेळा. गंमत पुढेच आहे. उद्या खप चौपट झाला तरी एका वेळची ऑर्डर चौपट करायची नाही, फक्त दुप्पट. अंदाजाने धंदा करणारा इथेच फसतो. बारावीच्या मुलांनी हे वहीत करून पाहावे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. लहान बाळे रोज साधारण तेवढेच डायपर वापरतात. तरीही प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या लक्षात आले की दुकानांकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, आणि तिथून कारखान्याकडे जाणारी मागणी प्रत्येक पायरीला जास्त हेलकावे खाते. चाबकाच्या मुठीला जरासा झटका द्यावा आणि टोकाला मोठा फटकारा बसावा, तसेच हे. स्टॅनफर्डचे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याची चार कारणे मांडली: आलेल्या प्रत्येक ऑर्डरवरून पुढचा अंदाज बदलणे, माल गठ्ठ्याने मागवणे, सेल लावून भाव खालीवर करणे, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणे. मार्च २०२० मध्ये टॉयलेट पेपरच्या फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा कागदाच्या गिरण्या काही बंद पडल्या नव्हत्या. लोक घरी बसल्याने घरचा वापर थोडा वाढला होता. भीती फार वाढली होती. मनुष्यस्वभावाचे असे गणित आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत नव्हते.

आता आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ, हापूस. भारतीय आंबा अमेरिकेत अधिकृतपणे येऊ लागला तो २००७ साली. त्यासाठी त्यावर किरणांचा मारा करून कीड निकामी करावी लागते, आणि ते काम प्रथम नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात झाले. या प्रक्रियेवर अमेरिकेच्या कृषिखात्याच्या निरीक्षकाची देखरेख लागते. करोनामुळे निरीक्षक भारतात जाऊ शकले नाहीत, आणि २०२० व २०२१ या दोन्ही हंगामांत ही निर्यात बंद राहिली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. झाडावर आंबे होते, केंद्रात यंत्रे होती, इथे तोंडाला पाणी सुटलेली गिऱ्हाइके होती. अडले ते एका माणसाच्या सहीवर. पुढे मे २०२५ मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे सांगून अमेरिकेच्या विमानतळांवर आंब्याच्या सुमारे १५ खेपा नाकारण्यात आल्या. परत नेणे परवडणारे नव्हते, म्हणून तो माल इथेच नष्ट करावा लागला. पेटी महाग का, असे दुकानदाराला विचारताना ही सगळी वाट आपण डोळ्यांपुढे आणतो का?

याच कारणासाठी हा विषय बिझनेस स्कूलमध्ये शिकणे आम्हांला वावगे वाटत नाही. सूत्र पोती मोजते. पण करार, जकातीचे नियम, विमा, चलनाचा भाव आणि समोरच्या माणसाशी घासाघीस यांना सूत्र नाही. पहिल्या दोन वर्षांत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र शिकायचे, मग खरेदी, उत्पादन, वाहतूक, मागणीचे अंदाज असे विषय घ्यायचे, अशी साधारण रचना असते. मिशिगन स्टेट, पेन स्टेट, अ‍ॅरिझोना स्टेट ही विद्यापीठे यासाठी नावाजलेली आहेत, आणि घराजवळ रटगर्सच्या बिझनेस स्कूलमध्येही हा मुख्य विषय म्हणून घेता येतो.

पैशांचे बोलायला आम्ही लाजत नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ साली या क्षेत्रातल्या लॉजिस्टिशियन मंडळींचा मधला पगार, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त आणि निम्म्यांना कमी, वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा १ लाख ३० हजारांच्या वर. फरक मोठा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण आमच्या धंद्यात एका सकाळी शेकडो लोकांना निरोपाचे पत्र येते, हेही या व्हरांड्यात सर्वांना ठाऊक आहे. केवळ पगाराचा आकडा बघून चाळीस वर्षांचे काम ठरवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

उलट बाजूनेही एक आक्षेप आहे, आणि आमच्या मते तो जास्त वजनदार आहे. बिझनेसच्या पदवीत सोपी वाट सापडते. किमान गणित, भरपूर गटचर्चा, रंगीत स्लाइड्स, आणि चार वर्षांनी हातात कागद. अशा पदवीधराचे काम संगणक पटकन करील. ते करणारे प्रोग्रॅम आमच्यासारखेच लोक लिहितात. म्हणून मुलीला आम्ही होकार दिला तो तीन अटींवर, आणि त्या इतर मुलांनाही उपयोगी पडाव्यात.

पहिली: संख्याशास्त्र नेमून दिले असेल त्याहून एक सत्र जास्त, आणि लीनियर प्रोग्रॅमिंग घ्यायचेच. मर्यादित ट्रक, मर्यादित जागा आणि हजार वाटा यांतून उत्तम वाट निवडण्याचे ते शास्त्र आहे. जोडीला डेटाबेसमधून स्वतः माहिती काढता आली पाहिजे.

दुसरी: एक तरी उन्हाळा गोदामात, कारखान्यात किंवा बंदरात, सुरक्षेचे बूट घालून काढायचा. पडद्यावर "माल शिल्लक १२" असे दिसते, आणि फळीवर प्रत्यक्षात नऊच खोकी असतात. ही तीन खोकी कुठे गेली हे ज्याला शोधता येते, त्याच्या शब्दाला पुढे किंमत येते. आणि खोकी हलवणाऱ्या माणसाला रात्रपाळीत काय सोसावे लागते, हे त्याला वातानुकूलित खोलीत बसल्यावरही विसरता येऊ नये.

तिसरी: एखादी भाषा नीट बोलता आली पाहिजे. ती मराठी असली तर उत्तमच. नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराशी किंवा न्हावा शेवा बंदरातल्या एजंटाशी त्याच्या भाषेत बोलणारा खरेदी अधिकारी आणि इंग्रजीत ई-मेल पाठवणारा अधिकारी, यांना सारखीच माहिती मिळत नाही. शनिवारची सकाळ इथे घालवून आपल्याला काय मिळते असे विचारणाऱ्या मुलांना हे एक उत्तर समजावे.

शेवटी एक गमतीची गोष्ट. परदेशी पाहुण्यांसमोर आपण मुंबईच्या डबेवाल्यांचे गुणगान करतो. १८९० पासून चालत आलेली ती सेवा, डब्यावरच्या खुणा, लोकलचे वेळापत्रक, हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केलेला अभ्यास, हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. छाती फुगते. पण घरच्या मुलीने तेच शास्त्र रीतसर शिकायचे म्हटले की आपण विचारतो, "खोकी हलवायला पदवी कशाला?" अभिमान खरा असेल तर तो प्रवेशअर्जाच्या वेळीही टिकला पाहिजे.

एक सूचना करून थांबतो. एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झालेला एक खेळ आहे. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू एका ओळीत बसतात. बोलायचे नाही, फक्त दर आठवड्याची ऑर्डर चिठ्ठीवर लिहून पुढे द्यायची. माल उशिरानेच पोहोचतो. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच चारवरून आठवर जाते, पण कारखान्यापर्यंत पोहोचेतो गोंधळ माजतो. मूळ खेळ बीअरच्या खोक्यांचा आहे. आपण आंब्याच्या पेट्यांचा खेळू. बाईंची परवानगी असेल तर पुढच्या महिन्यात शेवटच्या तासाला आम्ही चिठ्ठ्या घेऊन येतो. एका ओळीत मुले बसतील आणि दुसऱ्या ओळीत पालक. कोणाचे गोदाम जास्त तुंबते ते पाहू, आणि मग या पदवीबद्दल पुन्हा बोलू.