प्रलयाचा दावा आणि मांजरेचा गाळ

सन २०१८ च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरविला. पुढे २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याबद्दल शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध नोंदविला. सिंह यांच्या विधानामागे बायबलमधील प्रलय नव्हता, हे मान्य. परंतु ग्रंथ आधी आणि खडक नंतर, ही रीत तीच.

अमेरिकेत व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या १९६१ च्या ग्रंथाने या रीतीस शास्त्राचा वेष चढविला. पृथ्वी काही हजार वर्षांची असून गाळाचे बहुतेक थर व जीवाश्म नोहाच्या काळातील वर्षभराच्या एकाच महापुराने घडले, असा हा दावा. तो लातूर-नांदेडच्या भूमीवर पारखून पाहण्यास हरकत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल विंधनछिद्र घेण्यात आले. वर सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर आणि तळाशी ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक. असाच खडक नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे उघडा दिसतो. त्याचे वय अब्जावधी वर्षांचे, काळ्या पाषाणाचे सुमारे साडेसहा कोटी. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचे पट्टे आढळतात. एक थर निवावा, उन्हापावसात झिजून त्याची माती व्हावी आणि मग तिच्यावर दुसरा लाव्हा पसरावा, हे पाण्याखाली बुडालेल्या भूमीवर वर्षभरात कसे घडणार?

मांजरेकाठी, लातूर जिल्ह्यातील हारवाडी परिसरात, वाळू-गोट्यांच्या थरांत हत्ती, पाणघोडा आदींचे जीवाश्म मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. ही हाडे नदीच्या गाळातच पुरली गेली, म्हणजे पूर आले यात शंका नाही. मात्र ते काळा पाषाण थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आले. सारे एकाच प्रलयात बुडाले असते तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या डायनासोरांसोबत हत्तीचे निदान एखादे हाड तरी मिळावयास हवे होते. तसे ते मिळत नाही.

वगळलेला धडा पुढील आवृत्तीत परत घेता येतो. नदीपात्रातील वाळूउपशात ट्रॉलीत पडलेल्या हाडाचा थर मात्र पुन्हा शोधता येत नाही, आणि थराविना त्या हाडाचा काळ सांगणे दुरापास्त होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी लातूरच्या शिकवण्यांत मुले उत्क्रांतीचे प्रश्न पाठ करतात. हारवाडी त्यांच्याच जिल्ह्यात आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले आहे?