"अख्खा सेट घ्या, काका!"

"काका, सुटी चकती येत नाही. अख्खा सेट घ्या." माझ्या मागच्या चाकाकडे न बघताच दुकानातल्या पोराने निकाल देऊन टाकला. तक्रार साधी होती: नवी चेन टाकल्यापासून चढावर जोर दिला की ती दात्यांवरून उडायची. आठांपैकी 15 आणि 18 दात्यांच्या दोनच चकत्या झिजल्या होत्या, बाकीच्या सहा ठणठणीत. दोन दाढा किडल्या म्हणून कोणी कवळी बसवतं का?

मुळात हा सेट, म्हणजे कॅसेट, असते काय? 1.8 मिलिमीटर जाडीच्या पोलादी चकत्या, मधे 3 मिलिमीटरचे स्पेसर आणि आरपार गेलेले तीन बारीक रिव्हेट. पायांचा जोर रिव्हेट पेलत नाहीत, चकत्या ज्यावर बसतात त्या फ्रीहबवरच्या खाचा पेलतात. रिव्हेटांचं काम एवढंच, की गठ्ठा विस्कटू नये. पण आपण सायकलवाले त्यांना स्वर्गात बांधलेल्या गाठी समजून हात लावत नाही.

आणि दात्यांचे आकडे तरी कोणी ठरवले? माझी कॅसेट 11, 13, 15, 18, 21, 24, 28, 32 अशी. पुढे 48 दाते, मागे 11, पायडलचे मिनिटाला 90 फेरे, म्हणजे ताशी 50 किलोमीटर. पुण्यात, संध्याकाळी, सिंहगड रस्त्यावर? तिथे रिक्षासुद्धा हा वेग स्वप्नात बघते. 11 ची चकती मी मिरवण्यापुरती वागवत होतो. उलट जिथे माझा दिवस जातो, तिथे 15 नंतर थेट 18. एकात गुडघे कुरकुरणार, दुसऱ्यात पाय भिरभिरणार.

मग कानस घेतली. मोठ्या चकतीच्या मागे रिव्हेटांची डोकी घासली, खिळा ठेवून ठोकलं, गठ्ठा सुटला. मित्राकडे 13 ते 26 ची, जेमतेम वापरलेली आठचीच कॅसेट धूळ खात होती. तिच्यातल्या 13, 15, 17, 19 आणि माझ्या 21, 24, 28, 32. चकत्या आवळून धरणारी लॉकरिंगही तिचीच, कारण 11 ची लॉकरिंग लहान असते. फ्रीहबची एक खाच वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकती भलत्याच कोनात बसायची भीती नाही. 19 वरून 21 वर जाताना चेन जरा खाकरते. खाकरू दे.

आता विद्वान म्हणतील, ॲल्युमिनियमच्या फ्रीहबला सुट्या चकत्या चावतात. खरं आहे, चावतात. म्हणूनच महागड्या कॅसेटमध्ये मोठ्या चकत्या एका सांगाड्यावर जोडलेल्या असतात. माझा फ्रीहब पोलादी आहे, आणि साध्या सायकलींचा बहुधा तसाच असतो. पण हीच सबब पुढे करून बाकी सगळ्यांना बांधून ठेवायचं? त्याहून कडी म्हणजे, काही कंपन्या आता बहुतेक चकत्या एकाच पोलादी ठोकळ्यातून कोरतात. वजन कमी होतं, कौतुक होतं, आणि एक चकती झिजली की सगळा ठोकळा भंगारात. याला म्हणे प्रगती!

अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या पायांना जमतील अशा चकत्या जुळवून कॅसेट बनवायचा. 2008 साली तो गेला. आपल्याकडे पंक्चर काढणारा माणूस जुन्या ट्यूबचं ठिगळ जपून ठेवतो, आणि गिअरच्या सायकली विकणारे सहा चांगल्या चकत्या फेकायला सांगतात.

तेव्हा दुकानात "अख्खा सेट" ऐकलात, की पाकिटाला हात घालण्याआधी विचारा: झिजल्यात किती?