ताफ्याची गती

दिवाळी सरून हवेत गारवा आला की आमच्या शहापूर-मुरबाड परिसरातील ज्येष्ठांच्या मंडळांत सहलींची बोलणी सुरू होतात. देवदर्शन नित्याचेच, अलीकडे ‘एक दिवस समुद्रावर’ ही मागणीही ऐकू येते, आणि ती मला मनापासून आवडते. आमच्या तानसा-भातसाचे पाणी मुंबई वर्षानुवर्षे पीत आली. पण त्या मुंबईचा समुद्र बोटीत बसून पाहिलेला नाही, असे कितीतरी वृद्ध या भागात आहेत. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीपर्यंत साधारण तासाभराचा जलप्रवास आहे. प्रकृतीची नीट आखणी केली, तर सत्तरी-पंचाहत्तरीतही तो आनंदाने करता येतो.

या आखणीसाठी शिडाच्या होड्या हाकणाऱ्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मुंबई बंदरात हौशी नौकानयनाची परंपरा जुनी आहे. गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालापासूनचा. जगभरातील अशा क्लबांत दिवसभराच्या सामूहिक जलसफरीची प्रथा असते. शर्यतीत जो पुढे जाईल तो जिंकतो. सफरीत मात्र अनेक होड्या मिळून निघतात आणि मिळूनच परततात. निघण्यापूर्वी वारा, भरती-ओहोटी, थांबण्याची जागा आणि परतीची वेळ सर्वांसमोर ठरते. सर्वांत संथ होडी कोणती, हे आधी पाहिले जाते आणि तिच्या गतीवर साऱ्या ताफ्याचे वेळापत्रक बसवतात. एखादा जाणता तांडेल मुद्दाम सर्वांच्या मागे राहतो. संथ होडीला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण तिची गती गृहीत धरूनच सारे निघालेले असतात.

आपल्या सहलींत नेमके उलटे घडते. वेळापत्रक धडधाकट मंडळी ठरवतात आणि अशक्त माणूस आपली अडचण लपवीत त्यांच्यामागे धावतो. गेल्या हिवाळ्यात मुरबाडकडील एक निवृत्त शिक्षक असाच एक दिवस काढून माझ्याकडे आले. रक्तदाबाच्या गोळीने वारंवार लघवीला होते, म्हणून सकाळची गोळी त्यांनी घेतली नव्हती. पाणी तर संध्याकाळपर्यंत जवळजवळ प्यालेच नव्हते. आपल्यामुळे वीस जणांचा खोळंबा होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. घरी पोहोचल्यावर राहिलेली गोळी आणि रात्रीची गोळी त्यांनी एकदमच घेतली. मध्यरात्री लघवीसाठी उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीच्या उंबऱ्याशी कोसळले. सुदैवाने खुब्याचे हाड वाचले. समुद्राने त्यांना काहीच केले नव्हते. केले ते संकोचाने.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो. सहलीपूर्वी आठवडाभर आधी मंडळातील एका जबाबदार व्यक्तीने प्रत्येकाला एकांतात विचारावे: सलग किती वेळ बसवते, किती पायऱ्या चढवतात, लघवीला किती वेळाने जावे लागते, कोणते औषध कोणत्या वेळी असते. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला ‘मी ठणठणीत आहे’ हेच उत्तर मिळते. मग ज्याला सर्वांत जास्त थांबे लागतील, त्याच्या सोयीने दिवस आखावा आणि थांबे सर्वांसाठीच जाहीर करावेत. सगळेच थांबणार असले की कोणाला एकट्याला ओशाळे व्हावे लागत नाही.

आपल्या भागातील लोकांसाठी सफरीचा अवघड टप्पा समुद्र नव्हे, लोकल आहे. आसनगावहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला दोन तासांच्या आसपास लागतात आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसते. मुरबाडकरांना त्याआधी कल्याणपर्यंतचा रस्ता आहेच. तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी आणि उतरल्यावर थांबा ठेवावा. वाटल्यास वाटेत ठाण्याला किंवा दादरला उतरून पुढची गाडी पकडावी. पाणी तोडू नये. थोडे थोडे घेत राहावे. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी तीच पाळावी. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःहून गोळी टाळू नये, आणि चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दोन गोळ्या कधीही एकत्र घेऊ नयेत.

दुसरा अवघड क्षण बोटीत चढण्या-उतरण्याचा. गेटवेच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत. ओहोटीला खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. बोट खाली-वर होत असते, आणि कधी एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकावे लागते. म्हणून भरतीची वेळ पाहून निघावे. कोकणात त्यासाठी जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. द्वादशी असेल, तर बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. सकाळी नऊच्या सुमारास भरती. चतुर्थीला हेच उत्तर तीन येते. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. परतीचा हिशेबही असाच करावा आणि खात्रीसाठी बोटवाल्यांना विचारावे. द्वादशी निवडलीत, तर एकादशीचा उपवास सोडूनच घर सोडा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी प्रवास करणे घातक आहे. अशा प्रत्येकाच्या खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी, आणि इन्सुलिन उन्हात ठेवू नये. चढताना हातात काठी किंवा हात धरणारा माणूस याखेरीज काही नको. पिशव्या दुसऱ्यांनी घ्याव्यात.

बोट लागण्याविषयी बरेच जण धास्तावलेले असतात. खरे तर हा त्रास लहान मुलांना अधिक होतो आणि वयाबरोबर बहुधा कमी होत जातो. शरीर हलते आहे असे अंतर्कर्ण सांगतो, पण समोरचे बाकडे स्थिर आहे असे डोळे सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते. त्यामुळे बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसावे. नजर दूर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलमध्ये डोके घालू नये, हलके खावे. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. परतताना बोट अधिक हलते, म्हणून जेवण माफक असावे. उलटी होईलसे वाटल्यास कवळी आधी काढून डबीत ठेवावी.

मळमळीच्या गोळ्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. यांपैकी बऱ्याच जुन्या औषधांनी वृद्धांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, क्वचित भ्रमही होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढतो. तरुण मुलाला चाललेली गोळी ऐंशीच्या आजोबांना देऊ नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि पहिला प्रयोग सहलीच्या दिवशी नको.

लाइफ जॅकेट ही औपचारिकता मानू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. समुद्र शांत असतानाही असे घडू शकते. जॅकेट बोट सुटण्यापूर्वीच अंगात घालावे आणि पट्टे नीट आवळावेत. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना खलाशांच्या सूचना शेजाऱ्याने समजावून सांगाव्यात. प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड असावे.

घारापुरीला धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत. सोमवारी लेणी बंद असतात. गुडघे किंवा छाती साथ देत नसेल, त्यांनी खाली झाडाच्या सावलीत बसावे. डोलीचा पर्यायही आहे. मात्र खाली थांबणाऱ्याला एकटे सोडू नये. धडधाकटांपैकी कोणीतरी सोबत राहावे, आणि तेही उपकार केल्याच्या आविर्भावात नव्हे. जाणता तांडेल मागे राहतो, ते नाइलाजाने नव्हे.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, बसल्याजागी धाप लागणाऱ्यांनी, छातीत वरचेवर दुखणाऱ्यांनी, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि फिट्स आटोक्यात नसलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीखेरीज निघू नये. बाकीच्यांना केवळ वयामुळे मागे ठेवू नका. ‘बाबांना झेपणार नाही’ हे वाक्य काळजीपोटी उच्चारले जाते, हे मी जाणतो. पण पुष्कळदा बाबांना न झेपणारी असते ती आपली घाई. सकाळची गाडी तासभर उशिराची धरा, दोन ठिकाणांऐवजी एकच ठेवा, आणि मग त्यांना पुन्हा एकदा विचारून पाहा.

सहलीनंतरचा दिवस विश्रांतीचा असावा. पायांवर नवी सूज, चोवीस तासांनंतरही टिकणारी गरगर, लघवी कमी होणे किंवा वागण्याबोलण्यात गोंधळ दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.