जीना हाउस : मालकी सरकारची, वास्तू कोणाची?

मुंबईत मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' निवासस्थानापासून हाकेच्या अंतरावर, सुमारे अडीच एकरांच्या आवारात एक जुना बंगला उभा आहे. त्याचे मूळ नाव 'साउथ कोर्ट'. लोक त्याला जीना हाउस म्हणतात. ज्या रस्त्यावर तो आहे त्याचे नाव पूर्वी माउंट प्लेझंट रोड होते, आता ते भाऊसाहेब हिरे मार्ग असे आहे. प्रस्तुत लेखक नोकरीत असताना एकदा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन त्या रस्त्याने गेला होता. विषय होता शहरी जमिनीचा खंड. बंद फाटकातून झाडी आणि कमानींचा काही भाग तेवढा दिसत होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ह्याचा मालक कोण?" मी तत्परतेने "सरकार" असे उत्तर दिले. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपणच ना? मग आत का जाता येत नाही?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते. ह्या वास्तूविषयी झालेल्या वादात तो प्रश्न क्वचितच कोणी विचारलेला आढळतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वास्तूविषयी. इंग्लंडमधील वास्तव्य संपवून बॅ. जीना मुंबईस परतले, तेव्हा त्यांनी जुना बंगला पाडून त्या जागी नवे घर बांधविले. ते १९३६ च्या सुमारास पुरे झाले आणि त्यास दोन लाख रुपये खर्च आला असे सांगितले जाते. वास्तुशिल्पी होते क्लॉड बॅटली. जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकला विभागाचे ते प्रमुख होते आणि मुंबईतील वास्तुशिल्पींच्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षक होते. ग्रेगसन, बॅटली आणि किंग ह्या त्यांच्या संस्थेने १९३० साली पुरे झालेले बॉम्बे सेंट्रल स्थानक उभारले, त्यातून आपल्यापैकी हजारोंनी प्रवास केला आहे. परदेशी शैलीची नक्कल करू नका, आपल्या हवेला आणि आपल्या कारागिराला शोभेल असे बांधा, असा ह्या इंग्रज गृहस्थाचा आपल्या विद्यार्थ्यांना आग्रह असे. जीनांच्या घरात मात्र इटालियन संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाचे काम आले, कारण अशिलाची आवड तशी होती. स्वतः जीना बांधकामावर बारीक लक्ष ठेवून होते.

आता मालकीचा इतिहास. ऑगस्ट १९४७ मध्ये जीना कराचीस गेले. दिल्लीतील औरंगजेब मार्गावरील आपले घर त्यांनी रामकृष्ण दालमियांना विकले. मुंबईचे विकले नाही. पाकिस्तानातील आपले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, ह्या घराचे काय करावे असे नेहरूंच्या वतीने विचारले असता कायदेआझम व्याकूळ झाले. घर एखाद्या युरोपीय वकिलातीला भाड्याने द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. (हेच श्रीप्रकाश १९५६ च्या अखेरीस मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि त्याच टेकडीच्या टोकावरील राजभवनात राहावयास आले. इतिहासाला असले योगायोग आवडतात.) १९४८ साली जीना वारले. १९३९ च्या मृत्युपत्राने त्यांनी हे घर भगिनी फातिमा यांना दिले होते. त्या पाकिस्तानात गेल्यामुळे त्या 'निष्क्रांत' ठरल्या आणि त्यांची मालमत्ता कस्टोडियनकडे आली, असे सरकारचे न्यायालयातील म्हणणे आहे. ब्रिटिश उप-उच्चायुक्तालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ते भाड्याने वापरले. त्यानंतर पाकिस्तानने ते आपल्या मुंबईतील वकिलातीसाठी वारंवार मागितले. पुढे काही भाग भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे गेला. २००७ साली जीनांच्या कन्या दीना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात हक्क सांगितला. खोजा जमातीला वारसाच्या बाबतीत हिंदू रूढी लागू होती, सबब एकुलती एक कन्या म्हणून आपणच वारस, असे त्यांचे प्रतिपादन होते. द्विराष्ट्र सिद्धान्ताच्या प्रणेत्याच्या घरासाठी त्याच्या मुलीने हिंदू कायद्याचा आधार घ्यावा, ह्यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही. त्या २०१७ साली न्यूयॉर्क येथे निवर्तल्या. दावा त्यांचे पुत्र नस्ली वाडिया यांनी पुढे चालविला. २०१८ साली ही मालमत्ता परराष्ट्र मंत्रालयाकडे वर्ग करण्याचा निर्णय झाला.

निष्क्रांतांच्या मालमत्तेवर सरकारला हक्क कोठून मिळाला, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. १९५० चा कायदा सरकारने स्वतःची संपत्ती वाढवावी म्हणून झाला नव्हता. पश्चिम पंजाब आणि सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्यांना काही तरी द्यावयाचे होते; इकडून गेलेल्यांची घरेदारे त्या भरपाईचा एक साठा होता. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने ते स्पष्टच केले. म्हणजे सरकारच्या हाती आलेली मालमत्ता विश्वस्त ह्या नात्याने आली होती. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत, ज्यांचे १९४९ साली उल्हासनगर असे नामकरण झाले, सिंधी निर्वासितांची कुटुंबे गोणपाटाचे आडोसे करून राहत होती, त्या काळात अडीच एकरांचे हे घर एका परकीय वकिलातीकडे होते. त्यात राजनैतिक औचित्य असेल. त्याचे भाडेही येत असेल. परंतु ज्या हेतूने हक्क मिळाला तो हेतू ह्या घराबाबत कधीच पुरा झाला नाही. आता तर २००५ साली तो कायदाच रद्द झाला आहे. आणि ज्या भाऊसाहेब हिऱ्यांचे नाव रस्त्याला आहे, ते महसूलमंत्री असताना मुंबई राज्यातील कूळकायद्याची मोठी सुधारणा झाली. कसणाऱ्याकडे जमीन गेली पाहिजे हे तत्त्व खेड्यात लागू झाले. त्या टेकडीवर पोहोचले ते केवळ पाटीच्या रूपाने.

२०१७ च्या मार्चमध्ये शत्रू मालमत्ता कायद्यात दुरुस्ती झाली आणि लगेच त्या मतदारसंघाच्या आमदारांनी हे घर पाडून तेथे सांस्कृतिक केंद्र उभारावे अशी मागणी विधानसभेत केली. फाळणीचा कट जेथे शिजला ती वास्तू नको, असा युक्तिवाद होता. आमदार महोदय स्वतः बांधकाम व्यवसायातील एका मोठ्या समूहाचे संस्थापक आहेत, ह्याची केवळ नोंद करून पुढे जाऊ. शत्रू मालमत्तेचा कायदा १९६५ च्या युद्धानंतरचा, १९६८ चा आहे. फाळणीच्या वेळच्या निष्क्रांत मालमत्तेचा कायदा वेगळा. दोहोंची सरमिसळ त्या वेळी सर्रास केली गेली.

पाडण्याच्या अशा मागण्यांमागचे अर्थशास्त्र भावनेपेक्षा अधिक टिकाऊ असते. दोन लाखांत बांधलेल्या घराची किंमत आज शेकडो कोटींत सांगितली जाते. ती किंमत घराची नव्हे. विटा, चुना आणि लाकूड दर वर्षी झिजतच असतात. वाढते ती जमीन. ती कोणी वाढविली? तानसा आणि वैतरणेचे पाणी ज्यांच्या करांतून आले, गोदी आणि गिरण्या ज्यांनी चालविल्या, लोकलगाड्यांतून जे रोज कोंबले गेले, त्या सर्वांनी मिळून ह्या शहराच्या जमिनीला मोल आणले. जॉन स्टुअर्ट मिल ज्याला अनर्जित वृद्धी म्हणे ती हीच. मालकाने झोपेत कमावलेल्या ह्या वृद्धीवर समाजाचा हक्क आहे असे त्याचे म्हणणे होते. आपल्या शहरात त्या वृद्धीचा पहिला बळी ठरतो तो जमिनीवर उभे असलेले जुने घर, कारण त्याने व्यापलेली जागा त्याच्यापेक्षा फार महाग झालेली असते.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. त्याच टेकडीवर डॉ. होमी भाभा यांचे 'मेहरांगीर' होते. बंधू जमशेद भाभा यांनी ते ज्या कलासंस्थेच्या उभारणीत आयुष्य घालविले, त्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राला दिले. २०१४ साली संस्थेने ते लिलावात ३७२ कोटींना विकले. अणुऊर्जा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी स्मारकासाठी न्यायालयात धाव घेतली, पत्रके निघाली. २०१६ साली घर जमीनदोस्त झाले. येथे कोणी दुष्ट नव्हता. देणाऱ्याचा हेतू उदात्त, घेणारी संस्था सार्वजनिक, विक्रीची रक्कम कलेसाठी. तरीही घर गेले. बॅटलींचेच दुसरे काम, वांकानेरच्या महाराजांसाठी ब्रीच कँडीला बांधलेला वांकानेर पॅलेस, १९५७ साली ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने अमेरिकन सरकारकडे गेला आणि 'लिंकन हाउस' झाला. २०१५ साली त्याचा ७५० कोटींना सौदा ठरला, आणि जमीन मुळात कोणाची ह्या वादात अडकला. म्हणजे बाजारात ही घरे सुरक्षित नाहीत. एवढ्यापुरते जीना हाउस सरकारकडे राहिले हे बरेच झाले, हे समाजवादी म्हणविणाऱ्याने मान्य करावयास हरकत नाही.

पण जीनांचे घर जपावेच कशाला, असे आमचे काही स्नेही विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. फाळणीने लाखो माणसे मारली, कोट्यवधी उखडली. तिचे समर्थन ह्या पृष्ठावर कधी होणार नाही. परंतु ९ सप्टेंबर १९४४ ते २७ सप्टेंबर १९४४ ह्या काळात त्याच रस्त्यावरील बिर्ला हाउसमधून पंचाहत्तरीला आलेले गांधीजी चालत ह्या घरी येत होते. राजाजींच्या तोडग्यावर दोघे बोलत होते, एकमेकांना लांबलचक पत्रे लिहीत होते, आणि शेवटी काही निष्पन्न झाले नाही. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरू येथे आले. तीही भेट फसली, आणि दुसऱ्या दिवशी कलकत्ता पेटले. ह्या घरात कट शिजला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की फाळणी टाळण्याचे शेवटचे मोठे प्रयत्नही ह्याच घरात झाले. ते का फसले, ह्याचा अभ्यास करण्यास ह्याहून योग्य जागा उपखंडात मिळणे कठीण. शिवाय ह्या माणसाचा पूर्वार्धही मुंबईचाच आहे. १९१६ साली उच्च न्यायालयात लोकमान्यांची बाजू मांडून मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द करविणारे वकील हेच. विलिंग्डनसाहेबांच्या निरोपसमारंभाला १९१८ साली ज्यांनी विरोध केला, त्यांच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी वर्गणी काढून काँग्रेस हाउसच्या आवारात जीना सभागृह बांधले. पुढे ते नाव उच्चारणे अवघड वाटू लागले आणि ते नुसते 'पी. जे. हॉल' झाले. नाव आखडून घेता येते. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचा इतिहास तसा आखडता येत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाने दिल्लीतील हैदराबाद हाउसच्या धर्तीवर ह्या घराचा उपयोग करण्याचे ठरविले आहे. हैदराबाद हाउस हे ल्यूट्येन्सने निजामासाठी बांधले. तेथे आता परदेशी पाहुण्यांच्या भेटी आणि मेजवान्या होतात. वास्तू उत्तम स्थितीत आहे ह्यात शंका नाही. पण सामान्य नागरिकाने ती पाहिली असेल तर वृत्तचित्रांत, दोन पंतप्रधानांच्या हस्तांदोलनाच्या मागे. जीना हाउसचे तसेच झाले तर घर टिकेल आणि फाटक बंद राहील. आमची हरकत दुरुस्तीला नाही, ती अवश्य व्हावी, आणि बॅटलींच्या कामाची जाण असलेल्या हातांनी व्हावी. हरकत आहे ती सरकारी मालकी म्हणजे एका खात्याची खासगी मालकी असे समजण्याला.

दुसरा मार्ग ह्या देशाने पूर्वी चोखाळला आहे. दिल्लीचे बिर्ला हाउस सरकारने १९७१ साली ताब्यात घेतले आणि १९७३ पासून ते गांधीस्मृती म्हणून सर्वांना खुले आहे. मुंबईत गावदेवीचे मणिभवन गांधी स्मारक निधीने घेतले. तेथे शाळेची पोरे रांगेने जातात. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील, डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जेथे राहिले ते घर विकत घेतले. स्थानिक प्रशासनाने संग्रहालयाची परवानगी नाकारली, शेजाऱ्यांना वर्दळ नको होती. तरी आपल्या सरकारने प्रकरण नेटाने लढविले आणि २०२० साली परवानगी मिळविली. लंडनच्या श्रीमंत वस्तीत वर्दळीचा हक्क मागणारे आम्ही, मलबार हिलवर तो मागावयास का कचरतो?

सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल, कारण मुख्यमंत्र्यांचे घर जवळ आहे. मग आठवड्यातून दोन दिवस उघडा, नावे नोंदवून सोडा. मंत्रालयाला मेजवान्यांसाठी दालन हवे असेल तर ते ठेवावे. परंतु १९४४ च्या वाटाघाटींची दालने, पत्रव्यवहाराच्या प्रती आणि फाळणीविषयीच्या ग्रंथांची एक खोली जनतेची असावी. त्यात उल्हासनगरच्या बराकींचाही एक कोपरा असावा, कारण ह्या घरावरील सरकारचा हक्क त्यांच्या नावाने आला आहे. व्यवस्था मंत्रालयाच्या उपसचिवाकडे न ठेवता इतिहासकार, वास्तुशिल्पी आणि मुंबई विद्यापीठ यांच्या प्रतिनिधींच्या मंडळाकडे द्यावी. विद्यापीठाचे नाव मी सहज घेतलेले नाही. ज्या मृत्युपत्राने हे घर फातिमा यांना दिले, त्याच मृत्युपत्रात जीनांनी मुंबई विद्यापीठाला पन्नास हजार रुपये ठेवले होते.

दाव्याचा निकाल वारसांच्या बाजूने लागला तर काय, असे कोणी विचारील. त्या परिस्थितीत सरकारने योग्य मोबदला देऊन घर सार्वजनिक हेतूसाठी संपादन करावे. मोबदला ठरविताना जमिनीच्या अनर्जित वृद्धीचा किती भाग खासगी खिशात जावा, हा प्रश्न न्यायालयात उपस्थित करण्याची ती चांगली संधी ठरेल. तो खटला पाहावयास हा निवृत्त मास्तर काठी टेकीत का होईना, जाईल.