परतीची फेरी कुठे आहे?

गणपती जवळ आले की रत्नागिरीत विक्रमांचा हंगाम सुरू होतो. कुणाचा भाचा पहाटे दादरहून निघून न्याहारीला घरी पोचलेला असतो, तर कुणाचा मित्र पालीपासून हातखंबा तिठ्यापर्यंत काटा एकशेचाळीसच्या खाली येऊ न देता आलेला असतो. पुराव्यादाखल मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात काटा दिसतो, रस्ता दिसत नाही. (मुंबई-गोवा महामार्गावर रस्ता न दिसणे तसे नवे नाही.)

मोटारसायकलच्या वेगाचा जागतिक विक्रम नोंदवणारा 'एफआयएम' हा आंतरराष्ट्रीय महासंघ इतका भाबडा नाही. मोजून दिलेल्या मैलातून किंवा किलोमीटरमधून एकदा जायचे, ठरल्या मुदतीत उलट दिशेने परत यायचे, मग दोन्हींची सरासरी. पाठीवरच्या वाऱ्याचे श्रेय गाडीला मिळत नाही.

पण नुसते जाऊन-येऊनही भागत नाही. अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ऑगस्ट १९५६ मध्ये जर्मनीचा विल्हेल्म हर्ट्झ एनएसयू गाडीवरून ताशी २१० मैलांच्या पुढे गेला. सुमारे महिन्याने टेक्ससच्या जॉनी ॲलनने तिथेच, ट्रायम्फच्या ६५० सीसी इंजिनावर, २१४ मैल गाठले. म्हणजे जवळपास ३४५ किलोमीटर. महासंघाने हर्ट्झला मान्यता दिली, ॲलनला नाकारली. कारण काय, तर महासंघाचा निरीक्षक जागेवर नव्हता! तलाठ्याच्या नोंदीवाचून डोळ्यांसमोरची जमीनही आपली होत नाही, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. ट्रायम्फने भांडून पाहिले आणि १९५९ च्या नव्या गाडीचे नावच 'बोनव्हिल' ठेवले. हर्ट्झचे नाव आज शौकिनांपुरते उरले आहे; बोनव्हिल अजून विकली जाते. त्याच ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून बजाज आपल्या चाकणला बनवते.

बरे, शिक्क्यातही चुका होतात. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९६७ मध्ये १९२० सालच्या 'इंडियन' गाडीवर केलेल्या विक्रमाची सरासरी अमेरिकी संघटनेने चुकीची काढली होती. मुलाच्या लक्षात आल्यावर २०१४ मध्ये ती १८३.५८६ वरून १८४.०८७ मैल झाली. तोवर मन्रोला जाऊन ३६ वर्षे झाली होती.

तरीही परतीच्या फेरीचा नियम आम्हांला एकदम पसंत आहे. तो मुंबई-गोवा महामार्गालाही लावावा. २०११ पासून चौपदरीकरण चालू असलेल्या या रस्त्यावर चतुर्थीआधी येताना लागलेले तास आणि विसर्जनानंतर परतताना लागलेले तास यांची सरासरी काढून ती ताशी किलोमीटरमध्ये दरवर्षी जाहीर करावी. निरीक्षकांचा तुटवडा पडणार नाही. माणगावच्या कोंडीत हजारो चाकरमानी बसलेलेच असतात.

राहता राहिले आमचे तिठ्यावरचे विक्रमवीर. त्यांच्यासाठी अधिकृत निरीक्षक हजर असतो, तो वाहतूक पोलिसांच्या गाडीत स्पीडगन घेऊन बसतो. तो एकाच फेरीवर विक्रम मान्य करतो आणि प्रमाणपत्र ई-चलानाच्या रूपाने मोबाइलवर येते. हरकत घ्यायची सोय आहे. मात्र त्या फोटोत नंबरप्लेट अगदी स्वच्छ दिसते.